विमानाच्या केबिनमध्ये कुत्रा-मांजर नेताना: आधी काय, नंतर काय

पाळीव प्राण्याला घेऊन विमानानं जायचं ठरलं की बहुतेक जण आधी स्वतःचं तिकीट काढतात. मग एखादी छानशी पिशवी मागवतात, मग कागदपत्रांसाठी डॉक्टरांकडे धावाधाव करतात, आणि उड्डाणाला चार दिवस राहिले की मांजराला त्या पिशवीत कोंबून बघतात. मांजर अर्थातच बोचकारतं. विमानतळावर होणारे निम्मेअधिक घोळ या उलट्या क्रमातून येतात. विमानात बसल्यावर सुधारण्यासारखं फार थोडं उरतं.

खालचे टप्पे केबिनमध्ये, म्हणजे समोरच्या सीटखाली पिशवीत बसून जाणाऱ्या लहान कुत्र्यांसाठी आणि मांजरांसाठी आहेत. मोठ्या कुत्र्यांना सामानकक्षातून न्यायची पेटी, तिचे नियम आणि त्यातले धोके हा निराळा विषय आहे. त्याची सरमिसळ इथे करत नाही.

## १. न्यायचं की नाही, हे आधी ठरवा

हा टप्पा लोक सरळ गाळतात. प्राण्याच्या अंगानं विचार करा. उडत्या विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितकाच तो राखलेला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन थोडा कमी. हवाही कोरडी, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. धडधाकट प्राण्याला याचं फारसं काही वाटत नाही. पण हृदय, फुप्फुस किंवा श्वासनलिका आधीच कुरकुरत असेल, तर हाच फरक महागात पडतो.

चपट्या नाकाच्या जातींचं प्रकरण सगळ्यात नाजूक: पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, पेकिंगीज आणि मांजरांमध्ये पर्शियन. यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो. कुत्रा आपल्यासारखा घामानं थंड होत नाही, धापा टाकून होतो. हवेची वाटच अरुंद असली की घाबरणं, धापा टाकणं, त्यानं घसा सुजणं आणि आणखी धापा टाकणं असं चक्र सुरू होतं. काही विमान कंपन्या या जातींना सामानकक्षात घेत नाहीत, काही केबिनमध्येही घेत नाहीत. त्यांचा नकार आला तर वाद घालू नका.

पशुवैद्यांकडे जाऊन ‘फिट टू फ्लाय लिहून द्या’ म्हणण्याआधी ‘याला न्यावं का?’ असा प्रश्न विचारा. हृदय आणि छाती तपासून घ्या. म्हातारं मांजर असेल तर मूत्रपिंडासाठी रक्ततपासणीही करा. गाभण मादी, नुकतं ऑपरेशन झालेला प्राणी आणि दूध न सुटलेलं पिल्लू यांचा प्रवास पुढे ढकला. आठवडाभराच्या सहलीसाठी मांजराला नेणं तर मला मुळीच पटत नाही. मांजराचा जीव जागेत गुंतलेला असतो. ओळखीच्या माणसानं घरी येऊन खाऊ-पाणी दिलं, तर ते त्याच्यासाठी जास्त सुखाचं.

इथे थांबा: प्राणी घरात नुसता बसलेला असतानाही घोरल्यासारखा श्वास घेत असेल, थोडं चालून जीभ निळसर पडत असेल किंवा वरचेवर खोकत असेल, तर पुढचे टप्पे वाचायचीही घाई करू नका. आधी उपचार.

## २. तारखा प्रवासाच्या दिवसापासून मागे मोजा

देशातल्या देशात जायचं असेल तर बहुधा लसीकरणाचं कार्ड आणि ताजा आरोग्य दाखला एवढ्यावर भागतं. देशाबाहेर जायचं असेल तर हाच टप्पा सगळ्यात लांबलचक. इथे चूक तारखांपेक्षा क्रमात होते.

पहिलं काम मायक्रोचिप, म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची चिप. ती १५ अंकी, आयएसओ मानकाची हवी. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच भेटीत, पण चिपच्या मागोमाग द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस युरोपीय संघात प्रवेशासाठी धरलीच जात नाही, कारण ती नेमक्या याच प्राण्याला दिली याचा पुरावा राहत नाही. लस वेळेवर घेतलेली आणि कार्ड नीट जपलेलं, तरी चिप दोन महिन्यांनी बसवली म्हणून सगळं पुन्हा करावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

युरोपीय संघाचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिली लस पिल्लू किमान १२ आठवड्यांचं झाल्यावर, आणि तिच्यानंतर २१ दिवस थांबायचं. तुम्ही राहता तो देश त्यांच्या यादीत नसेल तर रक्तातल्या रेबीज-प्रतिपिंडांची चाचणीही लागते, तिलाच सगळे ‘टायटर’ म्हणतात. रक्ताचा नमुना लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी घ्यायचा, आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवा, आणि नमुना घेतलेल्या दिवसापासून ३ महिने थांबायचं. हिशोब करा: लस १ जानेवारीला, नमुना लवकरात लवकर ३१ जानेवारीला, प्रवेश एप्रिलअखेर. ‘तीन आठवडे आधी सुरुवात केली तर चालेल ना?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत घेतला तरच साखळी अखंड राहते. एक दिवस जरी उलटला तरी ती पुन्हा ‘पहिली लस’ ठरते आणि २१ दिवसांपासून मोजणी नव्यानं सुरू.

प्रत्येक देशाची खोड वेगळी. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेला जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीचं औषध द्यावं लागतं आणि त्याची वेळ कागदावर डॉक्टरांनीच लिहायची असते. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून येणारा कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, त्याला चिप हवी आणि त्याचा फॉर्म ऑनलाइन भरलेला हवा असं ठरवलं आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड-स्कॉटलंडला तर साधा पाळीव प्राणी विमानानं केबिनमध्ये बसून उतरूच शकत नाही, तो कार्गोनंच यावा लागतो. तिथे जाणार असाल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. मार्गदर्शक सहायक कुत्र्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

तपासा: चिपचा क्रमांक लसीच्या कार्डावर, टायटरच्या अहवालात आणि आरोग्य दाखल्यात एक-एक आकडा बोटानं ताडून बघा. १५ आकड्यांत एक इकडचा तिकडे झाला तर कागद दुसऱ्याच प्राण्याचा ठरतो. आणि डॉक्टरांना यंत्रानं चिप वाचून दाखवायला सांगा. चिप कधी कधी मानेवरून खांद्याकडे सरकते, मग विमानतळावरचा माणूस मानेवर यंत्र फिरवत बसतो.

चिपच्या नोंदवहीत तुमचा चालू फोन नंबर आहे का, हेही याच दिवशी बघून घ्या. चिप आहे पण नंबर पाच वर्षांपूर्वीचा, हे फार आढळतं.

## ३. आधी फोन, मग तिकीट

एका विमानाच्या केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे याची मर्यादा असते आणि ती लवकर भरते. म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करून त्या तारखेच्या त्याच विमानात जागा आहे का ते विचारा. मग तुमचं तिकीट आणि प्राण्याची जागा एकाच बोलण्यात पक्की करा.

बुकिंगमध्ये ‘पीईटीसी’ असा संकेत पडला आहे ना, हे विचारून घ्या. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याचा अर्थ केबिनमधला प्राणी. ‘एव्हीआयएच’ असं दिसलं तर प्राणी सामानकक्षात नोंदला गेला आहे. फोनवर ‘हो हो, प्राण्याचं लिहिलंय’ एवढंच ऐकून ठेवू नका, ईमेलवर मागून घ्या.

याच फोनवर आणखी चार गोष्टी सुटतात. प्राणी आणि पिशवी मिळून वजनाची मर्यादा किती (बऱ्याच कंपन्यांची ८ किलो, काहींची त्याहून कमी, काही फक्त मापं बघतात)? पिशवीची लांबी-रुंदी-उंची किती चालते? तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर कुणाचा नियम? (बहुतेक वेळा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा.) आणि सीट कुठली? आपत्कालीन दरवाज्याच्या रांगेत प्राणी चालत नाही. सगळ्यात पुढच्या, समोर भिंत असलेल्या रांगेत सीटखालची जागाच नसते. सपाट पलंगासारख्या होणाऱ्या महागड्या सीटखालीही बहुधा नसते. काही सीटखाली पडद्याच्या यंत्रणेची डबी असते आणि ती पायाशी बरीच जागा खाते. खिडकी की मधली, हे त्या विमानाच्या आखणीवर अवलंबून आहे, पण पिशवीवरून येणारे-जाणारे पाय आणि गाड्या नकोत म्हणून मी मार्गिकेची सीट टाळतो.

शक्यतो थेट विमान घ्या. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं. उष्णतेचा खरा धोका आकाशात नसतो. गेटवर किंवा धावपट्टीच्या रांगेत तासभर उभ्या असलेल्या, नीट गार न होणाऱ्या विमानात असतो.

## ४. पिशवी: प्राण्याच्या मापाची, सीटखाली मावणारी

ही दोन मापं एकमेकांशी भांडतात आणि त्यांचं जुळलं नाही तर प्राणी केबिनचा नाही, एवढं सरळ आहे. आत त्याला डोकं न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी आणि उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची टेपनं मोजा. बसलेल्या मांजराचं माप घेऊन पिशवी मागवणं ही नेहमीची चूक.

कडक डब्यापेक्षा कापडी, बाजूंना जाळी असलेली पिशवी बरी. ती दोन-तीन सेंटिमीटर दबून सीटखाली सरकते. जाळी किमान तीन बाजूंना हवी, कारण सीटखाली एक बाजू झाकलीच जाते. तळाला कडक पट्टी हवी, नाहीतर पिशवी उचलली की प्राणी झोळीत बसल्यासारखा मध्ये गोळा होतो.

वजन असं करा: आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग प्राणी भरलेली पिशवी हातात घेऊन. फरक म्हणजे एकूण वजन. पॅड, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), वाटी सगळं आत ठेवून. रिकामी कापडी पिशवीच सव्वा-दीड किलोची निघते आणि ८ किलोंच्या मर्यादेत प्राण्याला साडेसहाच उरतात.

तपासा: चेन बंद करा आणि आतून तुमच्या मुठीनं ढकला. माझ्या बोक्यानं पहिल्याच सरावात नाक चेनच्या टोकाशी लावलं, दोन सेंटिमीटरची फट पडली, मग डोकं आणि मागोमाग सगळा बोका बाहेर. माझ्या पायापाशी उभा राहून तो शांतपणे पंजा चाटत होता. तेव्हापासून दोन्ही चेनच्या टोकांना जोडणारी छोटी क्लिप लावल्याशिवाय मी पिशवी उचलत नाही.

## ५. सवय लावणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

किमान चार आठवडे. आठ मिळाले तर सोनंच. हे काम डॉक्टर किंवा विमान कंपनी कुणीच तुमच्यासाठी करू शकत नाही.

पहिले काही दिवस पिशवी उघडी, प्राणी जिथे एरवी लोळतो त्याच कोपऱ्यात पडू द्या. आत त्याचीच जुनी चादर ठेवा, धुतलेली नको, वासाची हवी. काही बोलू नका, बोलावू नका, आत ढकलू तर नकाच. बोका नऊ दिवस पिशवीला वळसा घालून जायचा. दहाव्या दिवशी दुपारी त्याला शोधत होतो, तर साहेब आत पालथे, शेपूट तेवढी बाहेर.

मग जेवण आत. आधी दाराशी, मग मध्ये, मग पार टोकाला. आत जाऊन निवांत खायला लागला की चेन अर्धी ओढा आणि लगेच उघडा. मग पूर्ण बंद करून तीन सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. वाढवत जा, पण एका दिवशी एकच पायरी. ओरडायला लागला तर तुम्ही घाई केलीत, आदल्या पायरीवर या. ओरडणं थांबल्या क्षणी उघडा, ओरडत असताना नको. नाहीतर ओरडलं की दार उघडतं, हे तो शिकतो.

मग उचलणं. पिशवी उचलून घरात फिरा, मग जिना, मग गाडी. गाडीत ती सीटवर नाही, पायाशी ठेवा, विमानात तिथेच असणार आहे. रोजच्या खुर्चीखाली सरकवून वर तुम्ही बसून जेवा किंवा काही पाहा. समोर कुणी नाही, वर सावली आणि आजूबाजूला पाय, याची त्याला ओळख हवी.

आवाज आणि कंप. विमानाच्या इंजिनाचा आवाज फोनवर हळू लावा आणि जेवताना दिवसागणिक थोडा मोठा करा. चालू वॉशिंग मशीनशेजारी पिशवी ठेवली की तळातून येणारी थरथर फुकटात मिळते.

शेवटची पायरी रंगीत तालीम: प्रवासाला जितका वेळ लागणार त्याच्या निम्मा वेळ बंद पिशवीत, मधोमध चेन न उघडता. कुत्र्याला याच काळात शोषक पॅडवर शू करायला शिकवा, ठरावीक शब्दावर. विमानतळावर हिरवळ मिळेलच असं नाही, आणि बाहेरच शू करायची सवय असलेला कुत्रा चकचकीत फरशीवरच्या पॅडकडे बघत नुसता उभा राहतो.

इथे थांबा: तालमीत तासाभरानंतरही लाळ गळतेय, जाळीला नाक घासून रक्त आलं किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, तर तारीख पुढे ढकला. मांजरानं कुत्र्यासारखी धाप लागलेली दाखवणं साधी भीती समजू नका, ते डॉक्टरांना कळवण्यासारखं आहे.

## ६. औषध: झोपवायचं नाही

‘एक गोळी द्या, प्रवासभर झोपेल’ ही मागणी पशुवैद्यांना रोज ऐकावी लागते. बहुतेक पशुवैद्य आणि आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, प्राणिवाहतूक नियमावली प्रवासात गुंगी देण्याच्या विरोधात आहेत. कारण साधं आहे. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते आणि कलंडलेल्या प्राण्याला मान वळवून श्वास मोकळा करता येत नाही. कमी ऑक्सिजनच्या हवेत, तुमच्या पायाशी अंधारात, हे तुमच्या लक्षातही येणार नाही. गुंगीत दिसलेला प्राणी काउंटरवर नाकारलाही जातो.

घबराट कमी करणारी औषधं वेगळी. काही मांजरांना डॉक्टर गॅबापेंटिन देतात. गाडी लागणाऱ्या कुत्र्याला मारोपिटंट. पण कुठलंही औषध पहिल्यांदा घरी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत देऊन बघा. विमानात पहिल्यांदा देऊ नका. माणसांच्या गोळ्या तर कधीच नकोत: पॅरासिटामॉलनं मांजर मरतं.

फेरोमोनचा (मांजराला शांत करणाऱ्या गंधद्रव्याचा) फवारा पिशवीत मारणार असाल तर मांजर आत जाण्याच्या १५ मिनिटं आधी मारा. त्यातलं अल्कोहोल उडून जाऊ द्या.

## ७. आदला आठवडा आणि आदली रात्र

आरोग्य दाखला फार आधी घेऊ नका. अनेक ठिकाणी तो १० दिवसच चालतो आणि विमान पुढे ढकललं गेलं तर मुदत तिथेच संपते. तीन-चार दिवस आधी घेणं सोयीचं. कागदांचा एक संच हातात, एक फोनमध्ये, तिसरा पिशवीच्या बाहेरच्या खिशात. तुमचं नाव, फोन आणि उतरण्याच्या ठिकाणचा पत्ता लिहिलेली चिठ्ठीही त्या खिशात ठेवा.

नखं दोन-तीन दिवस आधी कापा. गळ्यातला पट्टा मांजराचा असेल तर ओढ बसली की सुटणारा हवा. फास बसणारी साखळी पिशवीत नको.

खाण्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. पोटभर खाऊ घालून निघालं की उलटी, आणि ‘शू-शी नको’ म्हणून दिवसभर उपाशी व तहानलेलं ठेवलं की अशक्तपणा. प्रौढ प्राण्याला उड्डाणाच्या चार ते सहा तास आधी हलकं, नेहमीचंच जेवण. पाणी मात्र निघेपर्यंत समोर असू द्या. लहान जातींच्या पिल्लांना इतका उपास झेपत नाही, त्यांची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. मधुमेही प्राण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच घ्या.

पिशवीत पॅड एकावर एक दोन पसरा. वरचा खराब झाला की ओढून काढायचा, खालचा तयारच. हाताशी जादा पॅड, ओले रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या, मुडपणारी वाटी आणि त्याच्या खाऊचे मोजके दाणे ठेवा. ओलं अन्न नेणार असाल तर ते तपासणीत द्रव पदार्थांच्या १०० मिलीच्या मर्यादेत धरलं जाऊ शकतं.

## ८. विमानतळ: सुटण्याचा धोका इथेच

प्राण्यासोबत ऑनलाइन चेक-इन बहुधा होत नाही, काउंटरवर जावंच लागतं. एरवीपेक्षा तासभर आधी पोहोचा. कुत्र्याला इमारतीत शिरण्याआधी चालवून घ्या.

सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून रिकामी जाते आणि प्राणी तुमच्या कडेवर, धातुशोधक चौकटीतून. प्राणी आत असताना पिशवी कधीही सरकत्या पट्ट्यावर ठेवू नका. सगळ्या प्रवासातला सर्वाधिक धोक्याचा मिनिट हाच: ट्रे आदळताहेत, बीप वाजतोय, आणि तुमच्या हातात घाबरलेलं मांजर.

क्रम असा ठेवा:

१. घरूनच हार्नेस घालून आणा. दोन बोटं शिरतील इतपत सैल, तिसरं शिरू नये.
२. बूट, फोन, पट्टा, लॅपटॉप हे सगळं आधी ट्रेमध्ये. प्राणी सगळ्यात शेवटी बाहेर.
३. मांजर असेल तर बंद खोलीत तपासणी करता येईल का, असं रांगेत शिरतानाच विचारा. अनेक ठिकाणी सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.
४. पिशवी उघडण्याआधी हार्नेसची दोरी मनगटाभोवती एक वेढा घालून घ्या. हार्नेसवर धातूची कडी असेल आणि ती काढायला सांगितली, तर खोलीतच काढा, मोकळ्या रांगेत नको.
५. पलीकडे गेल्यावर आधी प्राणी पिशवीत, चेन, क्लिप. बूट त्यानंतर. माणसं आधी वाकून नाड्या बांधतात आणि मांजर खांद्यावरून उडी मारतं.

चौकटीतून जाताना मांजराला छातीशी, पाठ तुमच्या पोटाला लावून धरा. एक हात पुढच्या पायांमागे, दुसरा मागच्या पायांखाली. माझ्या खांद्यावर चार बारीक वण आहेत ते मी त्याला बाळासारखं खांद्याशी धरलं म्हणून.

## ९. विमानात

दारात शिरतानाच क्रूला मोठ्यानं सांगा: ‘या पिशवीत जिवंत प्राणी आहे.’ हे औपचारिक नाही. मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका विमानात १० महिन्यांच्या फ्रेंच बुलडॉगची पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला लावली गेली. उतरेपर्यंत पिल्लू मेलं होतं. पिशवीत कुत्रा आहे हे कळलंच नव्हतं, असं क्रूकडून सांगण्यात आलं. वरचा कप्पा कधीच नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. कुणी सांगितलं तर पिशवी हातातच धरून ठेवा आणि मुख्य क्रू सदस्याला बोलवा.

पिशवी सीटखाली सरकवा, जाळीची मोठी बाजू तुमच्याकडे. तुमचं जॅकेट, शाल, चादर तिच्यावर टाकू नका. अंधारानं मांजर शांत होतं हे खरं, पण एकच बाजू पातळ कापडानं झाका, बाकी हवा खेळू द्या. समोरचा प्रवासी पाय मागे घेतो तेव्हा टाचा पिशवीवर आपटतात. त्याला बसल्या बसल्या आपुलकीनं सांगून ठेवलेलं बरं.

वर जाताना आणि विशेषतः खाली उतरताना कान दडपतात. प्राण्याला जांभई दे म्हणून सांगता येत नाही. गिळलं की कान मोकळे होतात, म्हणून विमान उतरायला लागल्यावर जाळीच्या फटीतून दोन-तीन दाणे किंवा बोटावरचं पाणी चाटायला द्या. झोपला असेल तर उठवू नका.

‘बिचारा रडतोय’ म्हणून मांडीवर घेऊ नका. नियम मोडतो ही बाब बाजूला ठेवा. अचानक हेलकावा बसला तर मांडीवरचा प्राणी छताला आपटतो, आणि एकदा बाहेर काढलेला प्राणी पुन्हा आत जायला दुप्पट ओरडतो. हात जाळीला टेकवून ठेवा आणि सरावात वापरलेल्या आवाजात हळू बोला.

दर अर्ध्या तासानं बघा: छाती शांतपणे वर-खाली होतेय का? डोळे तुमच्या हालचालीकडे वळतात का? शंका आली तर ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. (काही प्राण्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. घरी असतानाच पापणीच्या आतल्या बाजूचा रंग पाहून ठेवा.) हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटेसारख्या लाल, न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, लडखडणं यांपैकी काहीही दिसलं तर क्रूला लगेच बोलवा. वरचं हवेचं तोंड पिशवीकडे वळवा, जाळी मोकळी करा, पंजे, पोट आणि कान साध्या पाण्यानं ओले करा. बर्फ लावू नका. ऑक्सिजनची सोय आहे का हे विचारायला संकोच करू नका.

ऑक्सिजनचे मास्क खाली पडले तर आधी तुमचा. विमान काही मिनिटांत श्वास घेता येईल अशा उंचीवर येतं. तुम्ही शुद्धीत राहिलात तरच प्राण्याला काही करता येईल. आणीबाणीत विमान रिकामं करायची आज्ञा झाली तर क्रू सांगेल तसंच वागा, पिशवी बाहेर ओढण्यासाठी मार्गिका अडवू नका. हे लिहायला कठीण आहे, पण आधी वाचलेलं बरं.

## १०. उतरल्यावर

गर्दीत, पट्ट्यापाशी सामानाची वाट बघताना पिशवी उघडू नका. कुत्र्याला बाहेर पडल्यावर, पट्टा हातात घट्ट असताना काढा. आधी थोडं पाणी, पंधरा मिनिटांनी आणखी थोडं, जेवण तासाभरानं.

मांजरासाठी एकच खोली तयार ठेवा: खिडक्या बंद, पाणी, खाऊ, ओळखीच्याच वाळूची पेटी. पिशवी उघडून बाजूला बसा, ओढून बाहेर काढू नका. ते पलंगाखाली रात्रभर बसलं तरी चालतं. नव्या घरी पहिल्या दोन आठवड्यांत तर मांजराला बाहेर सोडूच नका.

पहिल्या दिवसात तीन गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता पाणी प्यायलं, किती वाजता शू केली, किती वाजता खाल्लं. मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला वेळ लागत नाही. बोका वाळूच्या पेटीत पुन्हा पुन्हा बसून जोर लावतोय आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो तासांवर येऊन ठेपलेला प्रश्न असतो. म्हणून उतरण्याच्या गावातल्या रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्याचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा.